तांदळात लिहिलेलं नाव

"दहावीला तीनदा बसून तीनदा पडलेला माणूस अमेरिकेत कशाला आला रे?" असं इथल्या मराठी मंडळातले काका लोक मला विचारायचे, आणि मी सांगायचो, "तिकडचे पेपर संपले काका, म्हणून इकडं नापास व्हायला आलो." हशा व्हायचा. हशा झाला की मला जेवल्यासारखं वाटायचं. लोकांना डिग्री असते, घर असतं, गाडी असते. माझ्याकडं तेवढं एकच होतं. चार माणसं जमली की मी तोंड उघडणार आणि ती हसणार. माझं अकाउंट तेवढ्यावर चालायचं. आता सत्तरीकडं झुकलोय, गुडघे बोलतात आणि तोंड जरा कमी बोलतं, पण ती खोड गेली म्हणाल तर नाही. परवा डॉक्टरनं विचारलं, दुखतं कुठं? मी म्हटलं, बिल बघितल्यावर सगळीकडं. तोही हसला. असू दे.

दादानं कागद लावून मला बोलावून घेतलं, त्या अमेरिकेतल्या नोव्हाय गावातल्या घराबद्दल सांगतो. दादा मोटारीच्या कंपनीत इंजिनीअर. मोटारीच्या दाराचं बिजागर करायचा. म्हणजे अख्खी मोटार नाही, अख्खं दारपण नाही, नुसतं बिजागर. पण त्याचा रुबाब असा की तो नसता तर अमेरिकेतली सगळी दारं गळून पडली असती. घरात दादा, वहिनी, त्यांची सहा वर्षांची पिंकी, आणि खाली बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीनच्या शेजारी मी. घर तापवायचा फर्नेस सुरू झाला की माझ्या उशाशी धाडकन आवाज व्हायचा, पहिले पंधरा दिवस मी दर वेळी उठून बसायचो. वरती स्वयंपाकघरात वहिनी फोडणी टाकायची आणि छतावरचा धुराचा अलार्म बोंबलायचा. मग तिनं त्याला आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी घातली. कुणी पाहुणे येणार असले की दादा ती टोपी काढायचा, बरं दिसत नाही म्हणून, आणि पाहुण्यांसमोर अलार्म बोंबलायचा. नेसलेली साडी खोचून, खुर्चीवर चढून, टॉवेलनं अलार्मला वारा घालणारी वहिनी माझ्या डोळ्यांपुढं अजून आहे.

संध्याकाळी गराजचं दार घरघरत वर जायला लागलं की घरातला आवाज बदलायचा. त्याआधी वहिनी गुणगुणायची, पिंकी टीव्हीसमोर लोळायची, मी रव्याच्या ऐवजी क्रीम ऑफ व्हीटचा जो काय उपमा व्हायचा त्याच्या कडा खरवडून खात असायचो. घरघर ऐकली की पिंकी उठून वही काढायची, वहिनी पदर नीट करायची, मी बेसमेंटला जायचो. दादा मारायचा वगैरे नाही हो. आवाजसुद्धा चढवायचा नाही. तो नुसता विनोद करायचा. आमच्या घरात विनोद ही पिढीजात इस्टेट, दोघा भावांत वाटून आलेली. मी करायचो तो स्वतःवर, आणि तो करायचा तो दुसऱ्यावर, एवढाच फरक. मला वाटायचं तेवढा फरक पुरेसा आहे.

मला काम लागलं ते एका नर्सिंग होमच्या लॉन्ड्रीत. म्हाताऱ्या माणसांच्या चादरी, गाऊन, टॉवेल. कशानं खराब झालेले ते विचारू नका. पहिल्या दिवशी छातीवर लावायला नावाची पट्टी छापून दिली, तर यंत्रातली टेप संपली आणि 'मधुकर'मधली इंग्रजी तीनच अक्षरं उमटली. एम, ए, डी. मॅड. दोन वर्षं सगळं होम मला मॅड म्हणायचं. दादा मंडळात सांगायचा, "धाकटा हेल्थकेअरमध्ये आहे."

मी संध्याकाळी घरी येऊन होममधल्या गोष्टी सांगायचो. एक आजोबा रोज सकाळी बॅग भरून दारात बसायचे, ट्रेन येणार म्हणून. एक आजी मला तिचा मुलगा समजायची आणि इतका काळा कसा झालास म्हणून रडायची. मी नकला करायचो, पिंकी खो खो हसायची. वहिनी हसायची नाही. ती भलतंच विचारायची. "त्या आजींच्या पाठीला जखम झालीय म्हणालात, ती कुठं? माकडहाडाशी? मग त्यांना दर दोन तासांनी कुशीवर करतात का कुणी?" मला काय माहीत? मी चादरीवरून माणूस ओळखायचो. मी म्हणायचो, "वहिनी, तुम्ही जोकचा पार मुडदा पाडता." ती म्हणायची, "भाऊजी, उद्या विचारून या."

मग एकदा कम्युनिटी कॉलेजचं कोर्सच्या माहितीचं जाडजूड पुस्तक फुकटात टपालानं आलं, तसं ते त्या भागातल्या सगळ्या घरी यायचं. दादानं ते रद्दीत टाकलं. दोन दिवसांनी मी बघतो तर ते वॉशिंग मशीनवर, साबणाच्या डब्याखाली, आणि नर्सिंगच्या पानाचा कोपरा दुमडलेला. वहिनी कपडे टाकायला म्हणून खाली यायची आणि मशीन फिरत असेपर्यंत उभ्यानं वाचायची. घरात तेवढे कपडे नव्हते हो. धुतलेलेच परत धुवायची. दोन वर्षांचा कोर्स, मग परीक्षा, मग रजिस्टर्ड नर्स. तिनं मला सगळं समजावलं, मला त्यातलं 'दोन वर्षं' तेवढं कळलं. लग्नाआधी तिला गावाकडं सरकारी दवाखान्यात नर्सिंगला जागा मिळाली होती म्हणे. ट्रंक भरून तयार होती. तेवढ्यात अमेरिकेतलं स्थळ आलं, आणि ट्रंकेतल्या पांढऱ्या साड्या काढून त्यात शालू भरला.

"दादाला सांगितलंत?" मी विचारलं.

"आधी ॲडमिशनचं पत्र येऊ दे. मग मी सांगेन माझ्या पद्धतीनं. तुम्ही कुठं बोलायचं नाही. शपथ घ्या माझी."

मी घेतली. दादाचं मत काय ते आम्हाला दोघांनाही पाठ होतं. टीव्हीवर नर्स दिसली तरी तो म्हणायचा, "आपल्या घरातल्या बायका लोकांचं गू-मूत काढत नाहीत." मी शेजारीच बसलेला असायचो, दिवसभर तेच काढून आलेला. माझं चालायचं. मी नापास होतो.

जानेवारीत, दादा ऑफिसला आणि पिंकी शाळेत गेल्यावर, मी वहिनीला माझ्या खटाऱ्यातून कॉलेजात घेऊन गेलो. तिला गाडी येत नव्हती. खास दिवस म्हणून तिनं सिल्कची साडी नेसली होती, वरून दादाचा जुना पार्का कोट, पायात पिंकीनं चांदण्यांचे स्टिकर लावलेले स्नोबूट. हातात फाइल. फाइलमध्ये शाळेचा दाखला, सायन्सची मार्कलिस्ट, पासपोर्ट, आणि चार वेळा लिहून पाचव्यांदा चांगल्या अक्षरात काढलेला एक कागद, तुम्हाला नर्स का व्हायचंय म्हणून. तो तिनं मला वाचू दिला नाही. म्हणाली, "तुम्ही हसाल."

काउंटरवर डोना नावाची बाई होती. पन्नाशीची, चष्मा साखळीला टांगलेला, स्वेटरवर विणलेले स्नोमॅन. बाई चांगली होती, हे आधीच सांगून ठेवतो. तिनं कागद चाळले, मार्क बघितले, "ओ, केमिस्ट्री!" म्हणाली. मग तिची बोटं थांबली. दाखल्यावर आणि मार्कलिस्टवर नाव होतं सुशीला रामचंद्र खाडे. पासपोर्टवर मृणालिनी वसंत ढवळे. पहिलं वेगळं, मधलं वेगळं, शेवटचं वेगळं. तिनं एकदा दाखल्याकडं बघितलं, एकदा पासपोर्टकडं, एकदा वहिनीकडं, जशी काही तिसरीच बाई समोर उभी आहे.

"आडनाव लग्नानंतर बदललं, ते मला समजतं," डोना म्हणाली. "पण पहिलं नाव?"

वहिनीला इंग्रजी समजायचं सगळं, बोलताना मात्र वाक्य तोंडात जुळवून मग बाहेर काढायची. ती जुळवत होती. मी कशाला थांबतोय? मी घुसलो.

"मॅडम, आमच्यात लग्नात बायकोचं नाव नवरा बदलतो. पहिलंसुद्धा."

"तो बदलतो? कोर्टात?"

"नाही, ताटात."

"ताटात?"

"ताटात तांदूळ पसरतात. नवरा अंगठीनं त्यात नवीन नाव लिहितो. झालं."

डोनानं चष्मा काढला. शेजारच्या टेबलावरच्या दोन पोरी टायपिंग थांबवून बघायला लागल्या. मला वास आला. गिऱ्हाईक आलं की दुकानदाराला येतो तसा.

"अच्छा, म्हणजे नाव तांदळात लिहिलंय," डोना म्हणाली. "मग त्याचा काही पुरावा? तो तांदूळ कुठाय?"

"शिजवून खाल्ला," मी म्हटलं.

अहो, काय हसल्या! डोनानं काउंटर धरला. त्या दोन पोरींतली एक आतल्या खोलीत दुसऱ्यांना सांगायला पळाली आणि आतूनही हसण्याचा लोंढा आला. मला अमेरिकेत येऊन दोन हिवाळे झाले होते, गोऱ्या माणसांना एवढं एकगठ्ठा मी कधी हसवलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ती थाप नव्हती. दादाच्या लग्नातले ते तांदूळ आईनं दुसऱ्या दिवशी भातात घातले होते, वाया कशाला घालवायचे म्हणून. मी अकरा वर्षांचा होतो, दोनदा भात घेतला होता. मी तेही सांगितलं. अजून हसल्या.

वहिनी फाइल छातीशी धरून उभी होती. तिचं वाक्य जुळून झालं असावं, पण आता ते ठेवायला जागा नव्हती.

डोनानं डोळे पुसले आणि नीट समजावून सांगितलं. मार्क चांगले आहेत, अर्ज ती ठेवून घेते. फक्त एक कागद लागेल. सुशीला आणि मृणालिनी ही एकच व्यक्ती आहे, असं शपथेवर लिहिलेलं, नोटरीसमोर सही केलेलं. नवऱ्यानं, वडिलांनी, किंवा दोन्ही नावांनी तिला ओळखणाऱ्या कुठल्याही सज्ञान माणसानं. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी, पाचच्या आत. त्यानंतर यंदाची यादी बंद. मी यातलं अर्धंच ऐकलं. आतून कुणीतरी बाहेर येऊन मला म्हणत होतं, "तांदूळवाले ते तुम्हीच का?"

परत येताना गाडीत वहिनी म्हणाली, "बाबांचं पत्र जाऊन यायला महिना सव्वा महिना लागतो. म्हणजे ह्यांनाच सांगायला पाहिजे." वायपर रस्त्यावरच्या बर्फावर टाकलेलं, काचेवर उडालेलं मीठ पुसत होते. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "संक्रांतीचा कार्यक्रम होऊ दे. तिथून आले की ह्यांचा मूड चांगला असतो. रविवारी लेबनीज दुकानातून ती छोटी वांगी आणा भाऊजी, भरली वांगी करते. जेवण झाल्यावर शांतपणे विचारते." तिनं सगळा बेत कालवण रांधावं तसा मांडला होता, काय आधी, काय नंतर, आच किती.

आमच्या मंडळाची संक्रांत म्हणजे शाळेच्या कॅफेटेरियात शनिवारची दुपार. बाहेर पांढरं, आत बायका काळ्या साड्यांत. गूळ मिळायचा नाही म्हणून ब्राऊन शुगर आणि पीनट बटर घालून केलेले तिळगूळ, ते बोटांना चिकटायचे आणि गोड बोलायच्या आधी दात उपसायचे. आधी लहान मुलांचं गाणं झालं, त्यात पिंकीनं मधेच हात वर करून "आय नीड टु गो" म्हटलं. मग जोशीकाकांनी माइक घेतला. जोशीकाका मंडळाचे अध्यक्ष, दरवर्षी तेच. "आणि आता," ते म्हणाले, "ज्याची आपण वाट बघताय तो आपला मध्या!"

मी उठलो. आजोबांच्या ट्रेनचा किस्सा सांगितला. मागून कुणीतरी ओरडलं, "हा दिवाळीला झालाय रे!" मी मॅडच्या पट्टीचा काढला. "हा पण झालाय!" मी दहावीचा काढला, तो माझा हुकमी. त्याला दोनच माणसं हसली, तीही नवीन आलेले विद्यार्थी होते. जोशीकाका घड्याळ बघायला लागले. ज्याच्याकडं दुसरं काही आहे, त्याला ती शांतता काय असते ते कळायचं नाही. मला वाटलं, मी माइकसकट जमिनीत चाललोय.

आणि माझ्याकडं तर एक नवा कोरा, न वापरलेला किस्सा होता. गोऱ्यांवर आजमावलेला.

मी नाव घेणार नव्हतोच. मी सुरुवातच केली, "आमच्या ओळखीची एक बाई कॉलेजात नर्सिंगचा फॉर्म भरायला गेली." बघा, किती हुशार! मग डोनाची नक्कल केली, चष्म्यासकट. दाखला, पासपोर्ट, तीन नावं. लोक पुढं सरकून बसले. बायका तर आधीच हसायला लागल्या, कारण निम्म्या जणींची नावं तांदळातच बदलली होती. "मग ती मला विचारते, तू कोण? मी म्हटलं, मॅडम, मी हिचा दीर. तर ती म्हणते, मग तो तांदूळ कुठाय? मी म्हटलं, शिजवून खाल्ला!"

छत उडालं. जोशीकाकांनी टेबलावर हात आपटला. मी दोन्ही हात पसरून उभा. आणि मग हशा होता तसाच राहून, त्याच्या आत, एकेक मान दादाकडं वळायला लागली. मला काही कळेना. दीर. मी दीर म्हटलं होतं. अमेरिकेत मी एकाच बाईचा दीर होतो.

दादा सगळ्यांत जोरात हसत होता. टाळ्या वाजवत होता. मला शाबासकी द्यायला त्यानं अंगठा वर केला.

"अगंबाई, मृणाल! तू नर्सिंगला जाणार?" पुढच्या टेबलावरच्या काकूंनी विचारलं. काकू स्वतः डॉक्टर होत्या. "बेडपॅन वगैरे? अगं, काही कमी आहे का घरात?"

वहिनी तिळगुळाचं ताट घेऊन दोन टेबलांच्या मध्ये उभी होती. ती थांबली नाही, एवढंच मला दिसलं. पुढच्याला तिळगूळ दिला, त्याच्या पुढच्याला दिला, "गोड बोला" म्हणाली. माझ्यापाशी आली तेव्हा मलाही दिला.

वांगी मी आणली होती. रविवारी तिनं भरली वांगी केली. बेत मोडला म्हणून वांगी टाकून देणारी बाई नव्हती ती. जेवण झालं, दादानं बोटं चाटली, पिंकी टीव्हीकडं गेली. वहिनीनं टाइप करून आणलेला कागद त्याच्यासमोर ठेवला, वर पेन ठेवलं.

दादानं कागद वाचला. दोनदा वाचला. बिजागराचं ड्रॉइंग तपासतो तसा.

"यात लिहिलंय की मी सुशीला खाडे हिला ओळखतो."

"हो."

"मी तर मृणालिनी ढवळेला ओळखतो. शपथेवर खोटं कसं लिहू? इथं त्याला जेल असते."

तो चिडलेला नव्हता. अगदी गमतीत बोलत होता. वहिनीचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा लागला. "बघायला आलात तेव्हा पोहे कुणी दिले होते तुम्हाला? सुशीलानं दिले ना?"

दादा खुर्चीत मागं टेकला. "पोह्यांत नाव लिहिलेलं नव्हतं बुवा," तो म्हणाला.

आणि मी हसलो.

मुद्दाम नाही हो. ठसका लागल्यासारखं बाहेर आलं. जोक चांगला होता. आमच्या घराण्याचा होता. शनिवारी मी दाणे टाकले, रविवारी त्यानं पीक काढलं. वहिनीनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. आपण पायरी आहे म्हणून पाय टाकतो आणि पायरी नसते, तेव्हा माणूस खाली बघतं, तसं बघितलं. मग तिनं पेनाला टोपण लावलं आणि खरकटं गोळा केलं.

मला या वयात पुष्कळ जण म्हणतात, अरे दादाच तसा, तुझा काय दोष? मी ही गोष्ट ज्यांना अर्धी सांगितली ते म्हणतात. अर्धी सांगितली की मी बरा दिसतो. पुढची अर्धी अशी.

गुरुवारी दुपारी मी कामावरून लवकर आलो होतो. वहिनी कणीक मळत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "भाऊजी, बघायला आले तेव्हा तुम्ही होतात ना बरोबर?"

होतो. हाफ चड्डीत, दादाच्या शेजारी. तिच्या वडिलांनी, "ही आमची सुशीला," म्हणून ओळख करून दिली होती. ती माझ्यासाठी आतून आणखी एक लाडू घेऊन आली होती, आणि मी तिला "थँक्यू सुशीलाताई" म्हटलं होतं, तेव्हा सगळे हसले होते, वहिनी म्हणायच्या आधीच ताई केली म्हणून. म्हणजे मी ओळखत होतो. दोन्ही नावांनी. आणि आता वीस वर्षांचा होतो, सज्ञान. डोनानं जे माणूस मागितलं होतं ते मी होतो. काउंटरवर उभा होतो तेव्हाही मीच होतो. फक्त हसवण्यात गुंतलो होतो.

"नोटरी बँकेत असतो," वहिनी म्हणाली. "दहा मिनिटांचं काम आहे. ह्यांना मी सांगेन की मीच गळ घातली."

कणीक मळायची थांबली होती. तिनं एवढंच मागितलं होतं. आणि मला काय दिसलं सांगू? मला बेसमेंट दिसलं. दादा म्हणतोय, "मग आता तू आपली सोय बघ." बाहेर बर्फ, खिशात दहावी नापासचा दाखला, छातीवर मॅड. मी घाबरलो. घाबरलो असं सरळ म्हटलं असतं तरी चाललं असतं. ती समजून घेणारी होती. पण ते कुठं मला यायला?

"वहिनी," मी म्हटलं, "मी तेव्हा फक्त पोह्यांकडं बघत होतो. तुमच्याकडं बघायचं काम दादाचं होतं."

ती हसली. खरंच हसली, थोडीशी. मग परत कणीक मळायला लागली.

नंतर काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे शुक्रवार जरा लांबेल. वहिनी पुढं कापडाच्या दुकानात काउंटरवर लागली. तिथं तिला मिनी म्हणायचे. ते दुकान बंद पडेपर्यंत तिथंच होती. पुढच्या वर्षी परत फॉर्म भरा, असं मी एकदा म्हणालो होतो. ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तुमचं बघा." मी माझं बघितलं. लॉन्ड्रीचा सुपरवायझर झालो, पुरं नाव असलेला बिल्ला मिळाला. पिंकी आता पन्नाशीपुढं आहे, तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून हे लिहायला मन धजलं. वहिनीला येतं. ती वाचेल. वाचू दे.

शुक्रवारी दादा लवकर घरी आला. कंपनीत माणसं कमी करत होते आणि त्या दिवशी त्याच्या ग्रुपमधलं कुणी गेलं नव्हतं, म्हणून खुशीत होता. पाचला वीस मिनिटं कमी असताना आम्ही सगळे स्वयंपाकघरात. पिंकीला भूक लागली होती म्हणून वहिनी तिला गरम पोळी तूप लावून देत होती, दादा पेपर बघत होता, मी फोनखालच्या स्टुलावर बसलो होतो. भिंतीवरचा फोन वाजला. जवळ मी होतो, मी घेतला.

"हॅलो, सुशीला आहेत का?"

डोना होती. तिचा आवाज मी लगेच ओळखला. म्हणाली, तुमचा कागद आला नाही, तो तांदूळवाला अर्ज आहे म्हणून माझ्या लक्षात राहिला, मी फाइल बाजूला काढून ठेवलीय. ओळखणारं कुणीही असेल तर सोमवारी सकाळी पहिल्यांदा या, मी तोपर्यंत यादी पाठवत नाही. तिला तसं करायची काही गरज नव्हती. कुणाची कोण ती.

दादानं पेपर खाली केला. "कोण आहे रे?"

वहिनी तव्याकडं तोंड करून उभी होती. उलथणं हातात. तिनं वळून बघितलं नाही. पण पोळी फुगली होती आणि ती उलटत नव्हती, करपायला लागली होती.

मी फोनमध्ये म्हटलं, "नो सुशीला हिअर. रॉन्ग नंबर." आणि ठेवला.

"रॉन्ग नंबर," मी दादाला म्हटलं.

दादा परत पेपरमध्ये गेला. तेवढ्यात करपलेल्या पोळीचा धूर वर गेला. वहिनीनं ती काढून बाजूला ठेवली आणि दुसरी टाकली.

"आई," पिंकीनं तोंडात घास घेऊन विचारलं, "हू इज सुशीला?"

"खा," वहिनी म्हणाली. "गार होतंय."